भंगारात निघालेला नांगराचा पाना



गळीत हंगामाच्या आधी ऊसनोंदीची कामे चालू होती. गोदाकाठच्या एका गावचे आपले सभासद गट ऑफिसात आले. नोंदीचे कागद झाल्यावरही ते उठेनात. खताच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी जड त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, हे काय हाये तेवढं सांगा. भंगारवाला किलोवर मागतोय. द्यावं तर मन होईना, अन् ठेवावं तर कशासाठी ते कळंना."

गोणी सोडली. आत हातभर लांबीचे, गंजाने फुगलेले एक लोखंडी अवजार होते. एका टोकाला हातोडीसारखा चौकोनी गठ्ठा. त्याच्याखाली एका बाजूला पान्याचे मोठे तोंड, दुसऱ्या बाजूला लहान. दांडी खाली निमुळती होत छिन्नीसारखी चपटी झालेली, आणि दांडीतच एक आरपार भोक. सगळे एकाच लोखंडाचे, कुठे सांधा नाही.

ऑफिसात जितकी माणसे तितकी मते निघाली. चिटबॉय म्हणाला, ही हातोडीच. एकजण म्हणाला, बैलगाडीची धाव बसवायचे काहीतरी असेल. ट्रॅक्टरवाल्याने पाना म्हणून उचलला आणि हातोडा म्हणून खाली ठेवला. आम्हीही काही ठाम सांगू शकलो नाही. त्या सभासदांना म्हणालो, "चार दिवस इथे राहू द्या. भंगारवाल्याला तोवर थांबवा."

उत्तर आले ते अनपेक्षित ठिकाणाहून. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेले एक आबा नातवाबरोबर शेअर्सच्या वारसनोंदीसाठी आले होते. त्यांची नजर अधू झालेली. त्यांनी ते अवजार हातात घेतले, तोंडावरून बोटे फिरवली, भोकात करंगळी घातली आणि हसले. "आरं, हा नांगराचा पाना! लोखंडी नांगराचा. ह्या भोकात दोरी असायची, नांगरालाच टांगलेला. पाना इसरला तर आमचा बाप नांगर सोडून आमच्याच मागं लागायचा."

आबा लहानपणी आठ बैली नांगराच्या जुवावर बसून बैल हाकीत. आमच्या तरुण सभासदांना हे खरे वाटणार नाही, पण चार-चार जोड्या एका नांगराला जुंपत, आणि पुढच्या जोड्या हाकायला पोरांना जुवावर बसवीत. ट्रॅक्टर नव्हता, आणि हराळी-कुंद्याने धरलेली काळी जमीन दुसऱ्या कशाला दाद देत नव्हती.

नटबोल्ट शेतात कसा आला

आबांनी नाव सांगितले आणि सगळ्याचा उलगडा होऊ लागला. आपल्या लाकडी नांगराला पाना कधी लागलाच नाही. फाळ बसवायचा तो कडीने आणि पाचरीने. ढिला झाला की दगडाने पाचर ठोकली, काम झाले. मोडतोड झाली तर सुतार आणि लोहार गावातच, बलुत्यावर.

लोखंडी नांगराचे तसे नव्हते. आधी आले ते विलायतेतले, इप्स्विच गावच्या रॅन्सम कंपनीसारख्यांचे. ते महाग, आणि सुटे भाग सातासमुद्रापलीकडे. मग लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापायच्या यंत्रापाठोपाठ १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. त्या वेळी लोखंडाने जमीन नासते, पीक येत नाही, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावोगाव गेला. इतका, की कुठल्याही कारखान्याचा लोखंडी नांगर असला तरी आपल्याकडे त्याला किर्लोस्करी नांगर म्हणू लागले.

या नांगराचा फाळ ओतीव लोखंडाचा. तो झिजला की लोहाराकडे शेवटून आणता येत नाही, तो काढून नवा बसवावा लागतो. म्हणजे बोल्ट सोडणे आले, आवळणे आले. माती पलटणारा पत्रा बोल्टाने बसवलेला, चाक बोल्टाने, दांडा बोल्टाने. शेत गावापासून दीड-दोन मैल, आठ बैल जुंपलेले, सहा माणसे उभी, आणि एक नट ढिला झाला! अशा वेळी पाना घरी राहून चालत नाही. म्हणून एकाच लोखंडात सगळे बसवलेले. मोठे तोंड मोठ्या नटाला, लहान तोंड लहान नटाला. गंजून अडकलेला बोल्ट ठोकून बाहेर काढायला हातोडीचे डोके. चपटे टोक पत्र्याला चिकटलेली चिकण माती खरवडायला आणि अडकलेला फाळ उचकटायला. भोक टांगायला.

थोडक्यात, इंजिन येण्याच्या आधी शेतकऱ्याच्या घरात शिरलेले यंत्रयुगाचे पहिले अवजार म्हणजे हा पाना. आपल्या आजोबा-पणजोबांनी 'आटे उजवीकडे बसतात, डावीकडे सुटतात' हा धडा गिरवला तो याच्यावर.

मापाने लागलेला पुरावा

आबांच्या शब्दावर आमचा विश्वास होता, तरी कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या फिटरने मापे घेतली. लहान तोंड आतल्या बाजूला साडेतेवीस मिलिमीटर भरले, मोठे अठ्ठावीस. फिटर लगेच म्हणाला, "हे आपल्या मिलिमीटरच्या पिढीतलं नाही. हे व्हिटवर्थ."

हा मुद्दा सभासदांनी नीट समजून घ्यावा, कारण तो आजही कामाचा आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअराने १८४१ साली आट्यांचे एक ठराविक माप सुचवले. ते इंग्रजी अमलात सगळीकडे चालले. त्या पान्यांवर जो आकडा असतो तो नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंची बोल्टाचा नट ०.९२ इंच रुंद, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर. पाच-अष्टमांश इंची बोल्टाचा १.१० इंच, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. आमच्या पान्याची दोन्ही तोंडे बरोबर याच दोन मापांची निघाली.

आपल्याकडे मेट्रिक मापाचा कायदा १९५६ साली झाला. पण जुनी डिझेल इंजिने, जुने पंप, जुने चरक यांचे नट अजून व्हिटवर्थचेच आहेत. अशा २३.४ च्या नटाला आपण २४ चा पाना लावतो. तो किंचित ढिला बसतो, जोर दिला की घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. मग छिन्नी लावा, नाहीतर गॅसने कापा. किती सभासदांच्या विहिरीवर हे झाले असेल याचा त्यांनीच विचार करावा. दोष नटाचा नसतो, मापाचा असतो.

मळीने गंज काढला

आता दुरुस्ती. भंगारवाला किंवा उत्साही पोरगा पहिल्यांदा काय करील, तर ग्राइंडर लावील. तसे करू नये. चाकाने गंजाबरोबर लोखंड जाते, तोंडाचे माप बिघडते, आणि एखादे ओतीव अक्षर असले तर तेही पुसले जाते.

आमच्या फिटरने मळी वापरली. शेतात टाकतो ती प्रेसमडची मळी नव्हे, तर पातळ मळी, मोलॅसिस. तिचा थेंबन्‌थेंब हिशेबाचा आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखालचा असतो, तेव्हा ती मागायला कोणी येऊ नये. प्रयोगशाळेत तपासून उरलेल्या नमुन्यातली अर्धा लिटर घेतली, त्यात साडेचार लिटर पाणी घातले आणि पाना त्यात बुडवून ठेवला. मळीतले सेंद्रिय घटक गंजाला धरून पाण्यात ओढून घेतात. चांगल्या लोखंडाला त्या मानाने फारसे लागत नाही. काम सावकाश होते. पाचव्या दिवशी वरचा पापुद्रा सुटला, दहाव्या दिवशी करडे लोखंड दिसले. वास मात्र असा की वर्कशॉपची मंडळी लांबून जात!

घरी करायचे असेल तर लहान वस्तूला चिंचेचे दाट पाणी चालते. एक रात्र ठेवावी, सकाळी ब्रशने घासावी, सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारावा आणि लगेच उन्हात वाळवावी. ओली ठेवली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

गंज गेला आणि एक दुखणे उघडे पडले. लहान तोंड पुढे फाकलेले होते. कोणीतरी कधीतरी दांडीला पाइप घालून जोर काढला असणार. ते मिटवायचे म्हणजे तापवणे आले, आणि ओतीव लोखंड तापवून ठोकले तर तडकते. म्हणून हातोडीच्या डोक्याच्या कडेला ग्राइंडर एक क्षण टेकवून ठिणगी पाहिली. ओतीव लोखंडाची ठिणगी आखूड आणि लालसर पडते. इथे लांब, पिवळसर, थोडेच फाटे फुटलेली पडली. म्हणजे नरम, घडीव लोखंड. तेव्हा फक्त तेवढे तोंड लाल करून, आत ०.९२ इंचाचा ठोकळा धरून, चार हलके घाव घातले आणि राखेत सावकाश निवू दिले.

शेवटी जवसाचे तेल पातळ चोळले. रंग दिला नाही. एक सूचना: जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

खरी परीक्षा

पाना तयार झाला, पण तो लावायचा कशाला? ते सभासद जरा घुटमळले. मग म्हणाले, "नांगर हाये. थोरल्याच्या वाटणीत गेलाय. बांधावर बाभळीला टेकून पडलाय."

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या आणि बांधावरून दोघा भावांची बोलचाल बंद झाली. चार वर्षे. कारखान्याच्या सभेला दोघे येतात, पण दोन दारांनी. वाड्यातली अडगळीची खोली धाकट्याकडे आली, त्यात हा पाना निघाला. नांगर थोरल्याकडे राहिला. पान्याला नांगर नाही, नांगराला पाना नाही.

आम्ही भांडण मिटवायला गेलो नव्हतो. तो आमचा अधिकार नाही. आम्ही थोरल्यांना सरळ विचारले, "नांगराचा एक नट सोडून पाहायचाय, चालेल का?" ते म्हणाले, "बघा की." धाकटे मागे उभे राहिले.

नांगर निम्मा मातीत होता. फाळाच्या बोल्टाला रॉकेल सोडले, तासभर थांबलो. चौकोनी नटावर लहान तोंड ठेवले. ते असे बसले की हात सोडला तरी पाना खाली पडला नाही. पहिला जोर फिटरने काढला, हलले नाही. तेव्हा थोरले पुढे आले. "तसं नाही. बाबा आधी ठोकायचे." त्यांनी पाना उलटा धरला, हातोडीच्या डोक्याने नटाच्या चारी बाजूंवर टिचक्या मारल्या, पुन्हा तोंड लावले. कर्रर्र आवाज झाला आणि नट फिरला.

कोणी काही बोलले नाही. मग धाकटे म्हणाले, "मला वाटलं, बाबांनी हे तुला शिकवलंच नसंल. मला तर हातच लावू देत नव्हते." थोरले म्हणाले, "तू लहान होतास. बोट चेंगरलं असतं."

पाना कोणाकडे ठेवायचा, असे आम्ही विचारले. थोरल्यांनी उत्तर दिले, "त्याच्याकडंच असू दे. नांगर माझ्याकडं. लागला की मागून घेऊ." बांधाची मोजणी व्हायची ती होईल. पण नंतर पंधरा दिवसांत पाना दोनदा मागून नेला, असे धाकट्यांनी आम्हाला सांगितले. तिसऱ्यांदा ते स्वतः देऊन आले.

सभासदांना विनंती

पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, कुलुपे गोळा केली, म्हणून त्यांच्या संग्रहालयात ती आज पाहायला मिळतात. शेतीच्या अवजारांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. जायकवाडीचे पाणी मिळू लागले, हळूहळू ऊस आला, ट्रॅक्टर आले, आणि मोटेची, आठ बैली नांगराची, चरकाची लोखंडे अडगळीत गेली. बैल गेले याचे दुःख करीत बसा असे आम्ही म्हणत नाही. आठ बैलांच्या मागे आठ दिवस चालणाऱ्याला ट्रॅक्टरची किंमत कोणी शिकवायला नको. पण वस्तू किलोवर देण्याआधी ती काय आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. वस्तू पुढेही टिकेल, सांगणारे माणूस टिकणार नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या मंडपात शेतकी विभागाशेजारी एक टेबल मांडत आहोत. ओळख न पटलेले जुने अवजार असेल तर घेऊन या. घासू नका, रंगवू नका, जसे आहे तसे आणा. आबांनी येण्याचे कबूल केले आहे. त्यांना दिसत कमी असले तरी हाताला सगळे कळते.