ससा, गिनीपिग की हॅमस्टर? गिऱ्हाइकाला खरे सांगा

मुलांसाठी मऊ, गोजिरवाणा प्राणी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार भाव सांगतो, स्वभाव सांगत नाही. मग मुक्या जिवाचे हाल होतात आणि गिऱ्हाईकही तुटते.

हॅमस्टर दोन ते तीन वर्षे जगतो. तो रात्री जागतो. झोपेतून उठवल्यास चावतो. सिरियन जातीचा हॅमस्टर एकटाच ठेवावा. गिनीपिग ५ ते ८ वर्षे जगतो व क्वचितच चावतो. मात्र त्याला जोडीदार हवा, आणि ‘क’ जीवनसत्त्वासाठी रोज ढोबळी मिरचीसारखा ताजा भाजीपाला हवा. ससा ८ ते १२ वर्षे जगतो. त्याला सुके गवत आणि फिरायला जागा लागते. तो विजेच्या तारा कुरतडतो. लहान मुलांच्या घरी त्यातल्या त्यात गिनीपिग बरा.

पिंजरे बनवणाऱ्या कारागिरांनी तळ जाळीचा न ठेवता सपाट ठेवावा. जाळीने पायांना जखमा होतात.

२०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. पण कायद्याआधी ईमान आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याची हदीस आपण जाणतो. मालाचा ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते. इथे तर माल जिवंत आहे.