बूट नेमका कुठे चावतो?

नवी चप्पल चावते, नवा बूट चावतो, असं मराठी माणूस म्हणतो. चावा म्हटला की तो बाहेरून येणार, कातडीला वरून बसणार, हे गृहीतच असतं. त्यामुळे इलाजही वरवरचे: तेल लाव, पावडर शिंपड, टाचेमागे कापूस कोंब. प्रत्यक्षात पायाचा फोड जिथे धरतो ती जागा आत असते. वरचा थर बहुतेक वेळा धडधाकट असतो. फाटतं ते त्याच्या खाली.

हे नीट समजून घ्यायचं तर गोल्फचं मैदान बरं. ट्रेकरच्या किंवा सैनिकाच्या पायाला फोड आला तर कुणाला नवल वाटत नाही. पण कापलेली हिरवळ, सकाळची गार हवा, बॅग कॅडीच्या खांद्यावर आणि दर शंभर-दीडशे पावलांनी थांबायची मुभा, अशा ठिकाणी फोड यावाच कशाला? तरीही रविवारी अकराच्या सुमारास कुठल्याही क्लबहाउसच्या व्हरांड्यात पाहिलं, तर कुणीतरी मोजा उतरवून टाच न्याहाळत बसलेलं असतंच.

या खेळात किती चालावं लागतं, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही चर्चा झालेली आहे. केसी मार्टिन या व्यावसायिक गोल्फरच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता. स्पर्धेत बग्गी वापरू द्यावी, अशी त्याची मागणी होती; चालणं हा खेळाचाच भाग आहे, असं स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरचं म्हणणं. २००१ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यातल्या तज्ज्ञाच्या साक्षीनुसार एका फेरीत खेळाडू साधारण पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर चालतो, त्याला जवळपास पाच तास लागतात आणि खर्च होतात सुमारे ५०० कॅलरी. एका बिग मॅकमध्ये यापेक्षा जास्त असतात, हेही तिथे नोंदलं गेलं. दमछाकीच्या हिशेबात हे काहीच नाही. पण फोडाला दमाशी देणंघेणं नसतं. आठ किलोमीटर म्हणजे दहा हजारांहून जास्त पावलं, आणि फोड पावलं मोजतो.

प्रत्येक पावलाला काय होतं, ते बसल्या जागी पाहता येतं. उजव्या तर्जनीचं टोक डाव्या हाताच्या पाठीवर टेकवावं आणि दाब न सोडता पुढे-मागे हलवावं. बोट कातडीवरून घसरत नाही. कातडी बोटाला धरून सरकते आणि खालची हाडं जागच्या जागी राहतात. बुटात हेच उलट घडतं. बुटाने मोजा धरलेला असतो, मोज्याने कातडी धरलेली असते आणि आत टाचेचं हाड मात्र प्रत्येक पावलागणिक पुढे-मागे होत राहतं. धरलेली कातडी आणि हलणारं हाड यांच्यामध्ये जे मऊ थर आहेत ते तिरपे ताणले जातात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरचं पान तळव्याने आडवं ढकललं की सगळी पानं एकमेकांवरून थोडी थोडी सरकतात, तसं. भौतिकशास्त्रात याला कर्तन म्हणतात.

पत्त्यांना एकमेकांपासून सुटायला काही हरकत नसते. पेशींना असते. बाह्यत्वचेच्या मधल्या भागात, ज्याला काटेरी थर म्हणतात, पेशी एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. हजारो वेळा ताण बसला की ते टाके उसवतात आणि थरात फट पडते. मग आजूबाजूचा द्रव झिरपून त्या फटीत साचतो. हे भरणं साधारण दोन तासांत होतं. म्हणूनच चौथ्या होलला टाचेशी नुसती ऊब जाणवते आणि बाराव्याला टपोरा फुगा हाताला लागतो. नुकसान झालेलं असतं ते चौथ्यालाच किंवा त्याच्याही आधी.

तेव्हा फोड घसरण्याने येत नाही, न घसरण्याने येतो. सगळा विषय या एका वाक्यात आहे, आणि बहुतेकांचे इलाज फसतात तेही इथेच.

याला प्रयोगाचा भक्कम आधार आहे. १९६० च्या दशकात मॅरियन सल्झबर्गर हे त्वचारोगतज्ज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ छावणीतल्या लष्करी रुग्णालयात संशोधन करत होते. अमेरिकी सैनिकांचे पाय हा त्यांच्या कामाचा विषय. (गमतीचा भाग असा की या छावणीत १८९५ पासूनचा गोल्फ कोर्सही होता, त्यांच्या प्रयोगांना तिथेही भरपूर पाय मिळाले असते.) त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांची कातडी यंत्राने घासून फोड मुद्दाम आणले आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळहात-तळपाय यांसारख्या जाड, खालच्या थरांना घट्ट बांधलेल्या कातडीवर फोड आला. पातळ कातडी मात्र घासल्यावर सोलवटली, खरचटली. तिथे फोड धरेना. फुगा व्हायचा तर त्याला छत लागतं. ते छत पुरवते ती पायाची जाड कातडीच.

आता पुन्हा हिरवळीवर. तिचं पहिलं कारस्थान म्हणजे दव. सकाळी पहिल्या दोन-तीन होलमध्येच बुटाच्या शिवणीतून ओल आत येते, मोजा दमट होतो, आणि दमटपणा घर्षणाला फार मानवतो. नेलर या संशोधकाने १९५५ मध्ये हे मोजून दाखवलं होतं: अगदी कोरड्या कातडीवर घर्षण कमी, पाण्याने निथळणाऱ्या कातडीवरही कमी, पण मधल्या दमट अवस्थेत ते चढतं. हा शोध बँकेतल्या रोखपालाला पूर्वीच लागला होता. नोटा मोजताना तो बोट ओल्या स्पंजला लावतो, पाण्यात बुडवत नाही. दवाने आणि घामाने गोल्फरचा मोजा नेमका त्या स्पंजसारखा होतो.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. दूरचित्रवाणीवर सपाट दिसणारा फेअरवे पायाला तसा लागत नाही. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि बोटांची टोकं आपटतात. चढावर टाच उचलली जाते. आडव्या उतारावर चालताना सगळा भार चवड्याच्या एका कडेवर येतो. शिवाय फटका मारताना कमरेपासून जो पीळ निघतो त्याचा शेवट पायात होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं पाऊल त्या क्षणी बुटाच्या आत पिळलं जातं. बूट जमिनीवर सरकू नये म्हणून त्याच्या तळाला खिळे असतात. पूर्वी ते धातूचे होते, १९९० च्या दशकापासून प्लास्टिकचे आले. बूट जमिनीला जितका पक्का धरून राहील तितकी हालचाल बुटाच्या आत ढकलली जाते. खेळासाठी हे उत्तमच, पण त्या हालचालीचा हिशेब कातडीला चुकवावा लागतो.

उपायांकडे वळताना पहिली अडचण मोज्यांचीच येते. भारतीय मनाला सुती कापडाची ओढ आहे: घाम शोषतं, अंगाला बरं वाटतं. शोषतं खरं, पण शोषलेलं धरूनही ठेवतं. १९९० मध्ये हेरिंग आणि रिची या दोघांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेल्या चाचणीत अ‍ॅक्रिलिक मोज्यांत सुती मोज्यांपेक्षा कमी आणि लहान फोड आले. गोष्ट इथे संपली असती तर जाहिरातवाल्यांची सोय झाली असती. पण त्याच दोघांनी १९९३ मध्ये साध्या विणीच्या गादीचे मोजे घेऊन पुन्हा चाचणी केली, तेव्हा धाग्यांमधला तो फरक दिसला नाही. म्हणजे धाग्याइतकंच महत्त्व विणीला आहे. दोन मोजे एकावर एक घालण्याची जुनी युक्तीही याच तत्त्वावर चालते. आतला पातळ, बाहेरचा जाड. जे घसरायचं ते दोन मोज्यांमध्ये घसरू दे, कातडीच्या आत नको. फक्त दोन मोज्यांमुळे बूट घट्ट होणार असेल, तर ही युक्ती उलटते.

घामच बंद केला तर? अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत ते करून पाहिलं गेलं. ६६७ छात्रांचे दोन गट केले. एका गटाने आदल्या काही रात्री पायांना अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा २० टक्क्यांचा घामरोधक द्राव लावला, दुसऱ्याने तसाच दिसणारा निरुपद्रवी द्राव. मग २१ किलोमीटर चाल. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, सांगितल्याप्रमाणे नियमाने द्राव लावणाऱ्यांमध्ये फोडांचं प्रमाण २१ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४८ टक्के. आकडे पाहून औषधाच्या दुकानाकडे धाव घेण्याआधी पुढचा आकडाही पाहावा: घामरोधक वापरणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांच्या कातडीची आग किंवा खाज झाली, दुसऱ्या गटात ६ टक्क्यांच्या. सैनिकाला हा सौदा कदाचित परवडेल. रविवारच्या गोल्फरने त्यात पडू नये.

व्हॅसलीनचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. ते लावल्या लावल्या घर्षण घटतं, हे खरं. पण काही तासांनी ते पूर्वीपेक्षाही वाढतं, कारण तेलकट थराखाली कातडी ओलसर होते आणि थर स्वतः झिजतो. तासाभराच्या धावपटूला याचा त्रास होत नाही. गोल्फची फेरी चार-पाच तासांची. पहिल्या नऊ होलना व्हॅसलीन मित्र असतं, उरलेल्या नऊंना तेच घात करतं. लावायचंच तर मध्यंतरी पाय पुसून पुन्हा लावावं लागेल.

या सगळ्यांत स्वस्त वस्तू बाजी मारून जाते: औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी, जखमेवरचा कापूस धरून ठेवायला परिचारिका वापरतात ती. सहा टप्प्यांत अडीचशे किलोमीटर धावण्याच्या वाळवंटी शर्यतींत १२८ धावपटूंवर तिची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. ती चालण्याआधी, कोरड्या स्वच्छ पायावर, सुरकुती न पडू देता लावायची. काढताना सहज निघते, हाही तिचा गुण. जाड चिकट पट्टी फोडाचं छतच उपटून नेते.

बूट बांधण्याची पद्धत हा सर्वांत दुर्लक्षित भाग. बऱ्याच स्पोर्ट्स शूजना आणि काही गोल्फ शूजना घोट्याजवळ एक जादाचं भोक असतं, जे बहुतेकांच्या बुटांत आयुष्यभर रिकामं राहतं. लेस त्या भोकातून त्याच बाजूला आत घालून छोटा फासा करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फाशातून ओवायची आणि मग गाठ मारायची. घोटा मागे दाबला जातो, टाच उचलायची थांबते. बूट विकत घ्यायचे तर संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे सुजलेले असताना, आणि जे मोजे घालून खेळायचं तेच घालून.

सवयीचा मुद्दा आषाढी वारीत दरवर्षी उघड्यावर येतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. जुन्या, झिजलेल्या चपला घालून चालणारा शेतकरी वारकरी पोचतो, आणि नव्या कोऱ्या महागड्या बुटांत पुण्याहून सासवडपर्यंतचा एकच टप्पा करणारा शहरी पाहुणा दिवे घाटातच लंगडू लागतो. यात भक्तीचा भाग किती ते ज्याचं त्याने ठरवावं. कातडीचा भाग उघड आहे. थोडं थोडं, पण रोज घर्षण सोसलेली बाह्यत्वचा जाड आणि चिवट होते. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम आठ किलोमीटर चालणाऱ्याला ही संधी मिळत नाही. नवे बूट घरात, मग बाजारात, मग नऊ होल, अशा क्रमाने मुरवले तर पाय आणि बूट दोघंही एकमेकांना ओळखू लागतात.

आणि तरीही फोड आलाच तर? लहान आणि दुखत नसेल, तर त्याला हात लावू नये. त्याच्या छताइतकी चांगली मलमपट्टी दुकानात मिळत नाही. मोठा, ठसठसणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला बारीक छिद्र करून पाणी काढावं, छत मात्र जागेवर राहू द्यावं. सल्झबर्गर यांच्याच गटाने १९६८ मध्ये सांगितलं की पहिल्या चोवीस तासांत तीनदा पाणी काढलं तर छत खालच्या थराला पुन्हा चिकटून राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. मधुमेह्यांनी मात्र हा उद्योग स्वतः करू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आल्याचं कळतच नाही, आणि जखम चिघळायला वेळ लागत नाही. भोवती लाली पसरली, पू झाला, ताप आला, तर कुणीही डॉक्टरांकडे जावं.

ही सूचना म्हाताऱ्यांची काळजी म्हणून सोडून देऊ नये. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा ३० जून १९२४ रोजी व्हाइट हाउसच्या टेनिस कोर्टवर मोजे न घालता खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले, रक्तात पसरले. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी असताना ७ जुलैला तो गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती.

आज गोल्फरचा फोड बहुधा रविवारपुरताच राहतो. छत शाबूत असेल तर चोवीस तासांत तळाच्या पेशी विभागायला लागतात, म्हणजे सोमवारी. मंगळवारपर्यंत त्यांच्यावर नवा दाणेदार थर दिसतो, आणि १२० तासांनी, शुक्रवारी, त्याच्याही वर शृंगी थराचं नवं पांघरूण आलेलं असतं. पुढच्या रविवारची सकाळची वेळ रद्द करायची गरज सहसा पडत नाही. बॅगेत चेंडूंच्या शेजारी कोऱ्या मोज्यांचा एक जोड तेवढा टाकावा, दहाव्या होलला बदलायला.