मोगलीच्या गोष्टीतला कारल्याचा वेल

बालकथांमध्ये काहीतरी काळंबेरं दडलेलं असतं, हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. उत्साही मंडळी तर भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतही गूढार्थ शोधतात. आता ब्रह्मपुरीकडे पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईला जाऊन सांगा, की त्या गोष्टीतला वाघ हे प्रतीक आहे म्हणून! तिच्यासाठी तो वाघच आहे. तेव्हा आज एक पथ्य पाळू. मजकुरात जे उघड लिहिलंय आणि तरी आपण वाचलेलं नाही, तेवढंच बघू.

उदाहरण आपल्या नदीचंच घेतो. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहते, वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. हीच वैनगंगा रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्ये आहे. शेरखान मरतो तो तिच्याच काठच्या घळीत. दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची टोळी लांडग्यांवर चालून येते, ती दक्षिणेकडून, दख्खनमधून. म्हणजे साधारण आपल्या बाजूनं, बरं का! किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. पण सिवनीचं रान त्यानं पाहिलेलं नव्हतं. स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाचं १८७७चं सिवनीवरचं पुस्तक त्याच्या हाताशी होतं.

आपल्याला मोगली आठवतो तो दूरदर्शनवरचा, रविवार सकाळचा. पण १८९५च्या दुसऱ्या भागातली, गावात जंगल शिरवण्याची कथा कोणी मुलांना सांगतं का? मोगलीला घरात घेणारी मेसुआ आणि तिचा नवरा यांना गावकरी जादूटोणा करणारे ठरवतात. दोघांना मारून, बांधून ठेवतात. कबुलीजबाब घ्यायचा आणि मग जाळायचं, असं ठरतं. किपलिंग जाता जाता सांगून टाकतो, की त्यांची जमीन आणि म्हशी गावकरी वाटून घेणार होते. नवऱ्याच्या म्हशी चांगल्या होत्या म्हणे.

इथे मी दर वेळी थांबतो. चेटकिणीच्या आरोपामागे जमीन असते, जनावरं असतात, हे त्यानं मुलांच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला २०१३ साली. आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून बायका-म्हाताऱ्यांना भर चौकात बांधून मारलं. त्या गावातली मुलं ते बघत होती की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्यापासून नेमकी कुठली गोष्ट लपवायची, सांगा!

मेसुआ सुटते. मग मोगली हत्तीकरवी त्या गावात रान शिरवतो, शेतं तुडवली जातात. घाबरलेले गावकरी एका गोंड शिकाऱ्याला बोलावतात आणि विचारतात, तुझे जुने देव कोपलेत का? तो एक शब्द बोलत नाही. रानकारल्याचा वेल उचलतो, देवळाच्या दारावर आडवा-तिडवा गुंफतो, गावाबाहेरच्या रस्त्याकडे हात करतो आणि निघून जातो. प्रतीक म्हणायचं तर हे खरं प्रतीक, कारण गोष्टीतली माणसंच ते वाचतात आणि त्यांना कळतं, की इथे आता आपलं काही उरलं नाही.

त्या गोंडाची ओळख लेखक कशी करून देतो? या भूमीचे मूळ मालक ज्यांचे पूर्वज, असा माणूस. ही ओळख १८९५ची आहे. त्याआधीच, १८७८च्या वन कायद्यानं सरकारनं रानं राखीव करायला घेतली होती. आणि किपलिंगनं मोगलीवर लिहिलेली पहिली कथा, १८९३ची, मोठ्यांसाठीची होती. तिच्यात तरुण मोगली कुठे पोचतो? इंग्रजांच्या वनखात्यात, पगारावर, पुढे पेन्शन धरून! म्हणजे जंगलाचा ‘कायदा’ पाठ करणारं ते पोर शेवटी कोणाच्या कायद्यात नांदायचं, हे आधीच ठरलेलं होतं. मालकाला मालक म्हणायचं आणि चौकीदारी दुसऱ्यालाच द्यायची. किपलिंगला हा विरोध दिसला नसेल असं मला वाटत नाही. त्याचं त्याला काही वाटलं नाही, एवढंच.

मालकीचा तो शब्द कायद्यात उतरायला २००६ उजाडलं. वनहक्क कायदा झाला आणि २००९मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी एक म्हणून. तिथल्या शाळकरी पोरांना कोणी मोगली सांगणार असेल, तर कारल्याच्या वेलाचा प्रसंग गाळू नये.