कळलावीला तिची झोप द्या

वाशीमची काळी माती सोयाबीन-तुरीला मानवते, पण कळलावीच्या कंदाला नाही. पावसात ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. म्हणून कुंडी भरताना मी मुरूम आणि जाडी रेती सढळ हातानं घेते, त्यात कुजलेला पालापाचोळा आणि थोडं शेणखत मिसळते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवते, म्हणजे माती अडते आणि पाणी निघून जातं.

कंद नांगरासारखा वाकलेला आणि फार ठिसूळ असतो. डोळा त्याच्या टोकाशीच असतो. ते टोक मोडलं तर उरलेल्या जाड तुकड्यातून कोंब फुटत नाही. त्यामुळे तो दोन्ही हातांनी उचलून, आडवा, तीन-चार बोटं मातीखाली ठेवायचा. हातात मोजे हवेतच. या वेलीत कोल्चिसीन असतं. गाऊटसाठी डॉक्टर तेच औषध अगदी मोजून देतात, पण कंदातलं विष कुणी मोजलेलं नसतं. रताळं समजून कंद खाल्लेली माणसं दगावल्याच्या नोंदी श्रीलंकेत आहेत. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी कुंडी त्यांच्या हातातोंडाला लागणार नाही अशी ठेवावी, आणि घरातल्या प्रत्येकाला ती दाखवून ठेवावी.

मृगाचा पाऊस पडला की कोंब वर येतो. पानाचं टोक लांबतं, आकड्यासारखं वळतं आणि जवळची काडी धरतं. महालक्ष्म्यांच्या सुमारास फुलं लागतात. फूल खाली झुकलेलं, त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या मात्र वर वळलेल्या. हिरवट पिवळा रंग केशरी होत लाल होतो. कुक्षिवृंत काटकोनात बाहेर वळलेला असतो, त्यामुळे पराग कुक्षीवर आपोआप पडणं कठीण. तामिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, तिथे परागण हातानं करतात. मीही सकाळी मऊ कुंचल्यानं एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावते.

दिवाळीनंतर वेल पिवळी पडून वाळते. माळ्याची खरी परीक्षा इथून सुरू होते. रिकामी दिसणारी कुंडी पाहून पाणी घालावंसं वाटतं, पण ते घालायचं नाही. कुंडी सावलीत, कोरडी ठेवायची. वाशीमचा चाळिशीपार उन्हाळा कंद मातीखाली झोपून काढतो. चार महिने वाढ आणि उरलेले महिने विश्रांती हा तिचा क्रम आपल्या पावसाशीच जुळलेला आहे.

औषधासाठी रानातले कंद खणून नेल्यानं अनेक ठिकाणी कळलावी विरळ झाली आहे. म्हणून रानातून कंद आणू नये, बी लावावं. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, पण त्यासाठी रानातली एकही वेल उपटावी लागत नाही. माझ्याकडच्या शेंगा तडकल्या की लालभडक बिया मी मागेल त्याला देते, आणि त्या विषारी आहेत हे पुडीवर ठळक अक्षरांत लिहूनच देते.