वाजणारा टॅपेट आणि गप्प बसलेला वॉल्व्ह

मंडळी, आज टॅपेट कव्हर उघडायचं आहे. हा विषय नागोठण्यात काढायला कारण आहे. पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी इथल्या बाजारापर्यंत येतं, हवा चार महिने ओली असते, आणि मुंबईला नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या गावच्या घरासमोर गणपतीपासून शिमग्यापर्यंत नुसत्या उभ्या राहतात. उभं इंजिन कुठल्या तरी सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा ठेवूनच थांबलेलं असतं. तिथून दमट हवा आत शिरते, वॉल्व्हच्या दांड्यावर गंज धरतो. त्यात जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर. दांडा आणि गाइड यांच्यात मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांचीच फट, ती भरायला कितीसा वेळ लागणार?

आता आवाजाकडे येऊ. टिकटिक सुरू झाली की आपण घाबरतो आणि ती थांबली की खूश होतो. आमच्या मते हे उलटं आहे. जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० किंवा तेच ७९६ सीसीचं इंजिन असलेली ओम्नी घ्या. तिच्या रॉकरला स्क्रू आणि लॉकनट असतो, फट हाताने ठेवायची असते. फट वाढली की टॅपेट वाजतो. पिकअप थोडा जातो, पण वॉल्व्ह नीट बसत असतो. फट संपली की मात्र आवाज बंद होतो आणि वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर कड जळते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत सीट झिजून वॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणून ‘गाडी एकदम सायलेंट आहे’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, की आम्ही फिलर गेज शोधायला लागतो.

फट बघणं घरी जमतं. इंजिन पूर्ण थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली आणि प्लग बाहेर. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. ज्या वॉल्व्हची फट बघायची, त्याच्या कॅमचं टोक रॉकरच्या विरुद्ध बाजूला गेलं की गेजची पट्टी घाला. ती मुठीत धरलेला कागद ओढावा तशी, किंचित अडत सरकली पाहिजे. आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. मित्राच्या गाडीचा चालणार नाही. लॉकनट आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना स्क्रू हमखास फिरतो.

हायड्रॉलिक टॅपेटची गोष्ट वेगळी. २००७ पासूनची डिझेल स्विफ्ट, किंवा रांजणगावला बनलेलं तेच १.३ मल्टिजेट इंजिन असलेल्या गाड्या घ्या. तिथे फट ऑइलच भरून काढतं. टॅपेटच्या पोटात छोटा प्लंजर, स्प्रिंग आणि ऑइल अडवून धरणारा झडपेचा भाग असतो. गाळाचा कण तिथे अडकला की टॅपेट दबलेलाच राहतो आणि वाजतो. सकाळी पहिले काही सेकंद वाजून थांबला तर चिंता नको. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं. गरम झाल्यावरही वाजत असेल तर आधी डिपस्टिक बघा, मग योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदला, काही दिवस गाडी चालवा, गाळ निघाला तर ऑइल लवकर पुन्हा बदला. ऑइलचा दिवा लागलेला असेल तर गाडी जागेवर बंद करा, तो टॅपेटचा प्रश्नच नाही. आवाज दाबायला जाड ऑइल भरू नका. बारीक वाटांतून ते आणखी उशिरा पोहोचतं. इंजिनात रॉकेल घालून धुवायची पद्धत तर सोडाच. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि दोन-तीनशे रुपयांच्या रॉकेलपायी बेअरिंग जातात.

टॅपेट काढून साफ करणारे असतात. पण बहुतेक इंजिनांत त्यासाठी कॅम उतरवावा लागतो, आणि टायमिंग चुकलं तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. तरी काढलेच, तर अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. ज्या जागेचा टॅपेट त्याच जागी जायला हवा.

आता चिकटलेला वॉल्व्ह. शिमग्याला आलात, गाडी मिसिंग मारतेय, तर सेल मारत बसू नका. प्लग काढून इंजिन हाताने फिरवा आणि कव्हर उघडून प्रत्येक स्प्रिंग खाली-वर होतेय का बघा. एखादी खालीच राहिली तर त्याच क्षणी थांबा. दांड्याच्या वरच्या टोकाला गंज सोडवणारं तेल थेंब थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जोर न लावता हलवून बघा. हातोडी मारून स्प्रिंगच्या टोपीतल्या चिपा उडाल्या, तर वॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये पडतो.

सुटला, तरी कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंग, तसंच राहिलं तर बहुधा वॉल्व्ह. मग हेड गॅरेजला उतरवू द्या, आणि काढलेला वॉल्व्ह मागून घ्या. कडेला एका बाजूला पाचरीसारखा जळलेला तुकडा दिसतोय का, तेवढं उजेडात बघा.