लाखाचे एकशे पाच!

प्रोजेक्टच्या वर्ड फाइलमध्ये दहाचा पाचवा घात लिहा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवा. वर चढवलेला ५ खाली उतरतो आणि त्याला दिसतं १०५. लाखाचे बारा हजार म्हणतात, इथे तर थेट एकशे पाच! कारण तो ५ वर होता फक्त फॉरमॅटिंगमुळे, आणि साध्या मजकुराबरोबर फॉरमॅटिंग जात नाही.

मग आपण स्क्रीनशॉट चिकटवतो. दिसतो झकास; पण एक आकडा बदलायचा तरी सगळं पुन्हा. शिवाय दृष्टिहीन मित्राचा स्क्रीन रीडर नुसतं 'इमेज' म्हणून पुढे सरकतो. त्याने गणित वाचायचं कसं?

विंडोजवर वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट उघडेल. मॅथ्स-फिजिक्सवाल्यांनी मात्र सरळ लाटेक शिकावं. त्याचा पाया असलेला 'टेक' डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये लिहायला घेतला, स्वतःच्याच पुस्तकाची छपाई खटकली म्हणून! त्यात चिन्ह शोधायचं नाही, त्याचं नाव टाइप करायचं. एक कंस विसरलात तर अख्खी फाइल अडून बसते, तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री शिकायला घेऊ नका.