जळीत मृत्यू : अपघात की खून?

पंचनाम्यात ‘स्टोव्हचा भडका’ एवढीच नोंद असली, तरी शवविच्छेदनात खरे कारण उघड होऊ शकते. आगीत सापडलेला जिवंत माणूस धूर ओढतो; म्हणून स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेलेले हिमोग्लोबिन मिळते. गळा दाबून मारल्यावर पेटवलेल्या देहात ही दोन्ही चिन्हे सहसा नसतात. मानेच्या स्नायूंत मात्र रक्त साकळलेले किंवा कंठास्थी मोडलेली दिसू शकते. पेट्रोलच्या भडक्यात माणूस धूर ओढण्याआधीच दगावू शकतो, हा बचाव पक्षाचा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे काजळी नसणे एवढ्यावरच खून सिद्ध होत नाही. तडकलेली कवटी आणि मुष्टियोद्ध्यासारखे आखडलेले हात तर निव्वळ उष्णतेची करामत असू शकते. मृतदेह जाळला तरी ते तसेच होतात. म्हणून सगळी चिन्हे एकत्र वाचावी लागतात, व्हिसेऱ्याच्या (अंतर्गत अवयवांच्या) रासायनिक तपासणीसह.

काही प्रसंगी शवविच्छेदन कायद्यानेच सक्तीचे असते. लग्नानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला किंवा नातेवाइकाने मागणी केली, तर पोलिसांना मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवावा लागतो : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९४ (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४).